पितळी पातेलं माळ्यावरच राहू दे

आमच्या खानापूरच्या आत्याला केटरर रद्द करायचाय. लग्न तोंडावर आलेलं, आणि निपाणीपासून बेळगावपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरणारा तो मेसेज कुणीतरी तिला धाडला. त्यात लिहिलंय ते थोडक्यात असं : केटरिंग 1778 साली फिलाडेल्फियात गोऱ्यांनी काढलं, आपल्याकडे पैसे घेऊन कुणी रांधतच नव्हतं, तांब्या-पितळेतलं अन्न दोन दिवस विटत नसे, म्हणून विषबाधा कुणाला ठाऊक नव्हती, केटररमुळे अन्न वाया जातं. वर विनंती, की लग्नाचा स्वयंपाक घरच्या लक्ष्मींनीच करावा. मेसेज लिहिणारा स्वतः चुलीपुढे बसणार नाही, हे उघडच आहे.

1778 च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात इंग्रज सेनापती हाऊला निरोप द्यायला मोठा थाटमाट झाला होता, एवढं खरं. पण त्या शहरात केटरिंगचा धंदा नावारूपाला आणला तो रॉबर्ट बोगलसारख्या कृष्णवर्णीयांनी, एकोणिसाव्या शतकात. समाजशास्त्रज्ञ ड्यू बॉइस यांनी 1899 च्या पुस्तकात त्यांच्याबद्दल लिहून ठेवलंय. आणि भाड्याचे आचारी तर त्याच्याही फार आधीचे. सुमारे 2200 वर्षांपूर्वीच्या रोमन नाटककार प्लॉटसच्या एका नाटकात लग्नाच्या जेवणासाठी बाजारातून आचारी ठरवून आणतात, दोन घरांत वाटून देतात, आणि म्हातारा यजमान ते चोरी करतील म्हणून त्यांच्या मागे लागतो. यजमानाचा संशय तेव्हाही हाच!

आपल्याकडचं म्हणाल तर कौटिल्याचं अर्थशास्त्र उघडा. शहराच्या बंदोबस्ताच्या प्रकरणात भात शिजवून विकणारे 'औदनिक' आणि शिजलेलं मांस विकणारे 'पाक्वमांसिक' आहेत. ते काय फुकट वाढत होते? लांब कशाला, बेळगावात रुखवतातले मांडे किती घरांत होतात? ऑर्डर देऊनच येतात ना?

आता पितळेचं. आत्याने माळ्यावरचं मोठं पातेलं खाली काढायला सांगितलंय, म्हणून इथे जरा थांबतो. आमटीत चिंच पडणार, कढीत ताक. आंबट पदार्थ उघड्या तांब्या-पितळेला लागला की धातू त्यात उतरतो, मग मळमळ, उलट्या, पोटात कळा. ताक कळकतं म्हणतात ते हेच. आपल्या आज्या अडाणी नव्हत्या. कल्हईवाला दारात आला की भांडी बाहेर काढून कथिलाचा थर देऊन घ्यायच्या. मेसेजमध्ये कल्हईचा क सुद्धा नाही. त्या पातेल्याची कल्हई कधीच उडालीय.

शिवाय कल्हई ताजी असली तरी भात रात्रभर टिकत नाही. तांदळात काही जिवाणूंचे बीजाणू असतात, ते उकळूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की त्यांतून जिवाणू वाढतात, विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. भांडं चांदीचं असलं तरी हेच. वाढेपर्यंत भात साठ अंश सेल्सिअसच्या वर गरम ठेवायचा, नाहीतर लवकर संपवायचा. रात्री शिजवून दुपारच्या पंगतीला वाढला, तर अक्षता टाकायला आलेली मंडळी दवाखान्यात जातील.

वाया जाण्याचा मुद्दा अर्धा खरा, नाइलाजाने मानतो. बुफेत ताटं भरून घेतात आणि तशीच टाकतात. पण पंगतीत 'माझ्यासाठी एक' म्हणत वाढलेली जिलेबी पानात राहत नव्हती काय?

आत्या, खर्चच कमी करायचा असेल तर चार पदार्थ कमी कर. केटररला सांग, भात एकदम शिजवू नको, पंगती बसतील तसा घाण्याघाण्याने लाव. आणि हौस म्हणून पातेलं काढायचंच असेल तर आधी कल्हई करून घे, मग त्यात पाणी तापव.