काखेत कर्नल

यूएसबीचा वाय-फाय अडॅप्टर आणला. लिनक्सने त्याला ओळखच दाखवली नाही. ड्रायव्हरचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, मिळाला. सोबत लिहिलं होतं, कंपाइल करायला फक्त 'मेक' ही कमांड म्हणा. म्हणालो. तीन चांदण्या (***) आल्या आणि मागोमाग 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. स्टॉप.' असा दम.

तक्रार 'बिल्ड'बद्दल होती. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि मॉड्यूल्स म्हणजे त्याला जोडायचे ड्रायव्हरसारखे तुकडे. त्या मॉड्यूल्सच्या फोल्डरात जाऊन पाहिलं, तर 'बिल्ड' होतं की! फक्त लाल अक्षरांत. ती होती सिमलिंक, म्हणजे नुसती पाटी: 'कर्नल ५.१९चे हेडर्स इकडे राहतात.' (हेडर्स म्हणजे त्या कर्नलसाठी ड्रायव्हर कंपाइल करायला लागणाऱ्या फायली.) तिकडे गेलो, तर घरच जागेवर नाही. शेजारी ६.२चे हेडर्स मात्र ऐसपैस पसरलेले.

पुढचं सांगायला लाज वाटते. पाटी उपटली आणि ६.२च्या दारात रोवायला निघालो. (पाट्या लावणाऱ्या 'एलएन' कमांडला आधी ठिकाण सांगायचं की पाटीचं नाव, हे मला आजतागायत पाठ नाही. उलटं सांगितलं, तर पाटी त्या घराच्या आत जाऊन लागली. 'एलएन'ने हूं की चूं केलं नाही. समोर घर आहे की विहीर, हे तो बघतच नाही.) दुसऱ्या खेपेला जमलं. कंपाइल झालं! खुर्चीत रेलून मॉड्यूल चढवायला घेतलं, तर कर्नल म्हणाला, 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट.' मॉड्यूल कोणत्या कर्नलसाठी बांधलंय, हे त्याच्या पोटात लिहिलेलं असतं. त्याला व्हरमॅजिक म्हणतात. पाटी बदलून घर फसेल, पण दारावरचा कर्नल फसत नाही.

तेव्हा कुठे सध्या कोणता कर्नल चालू आहे, हे 'यूनेम' कमांडला विचारायची बुद्धी झाली. उत्तर: ५.१९. अपडेटने ६.२ केव्हाच आणून ठेवला होता, पण रीबूट केल्याशिवाय तो चालू होत नाही. जागा खातात म्हणून जुने हेडर्स मीच काढले होते. आणि मशीन ४३ दिवसांत रीबूट केलं नव्हतं. हा अपटाइम मी चारचौघांत मिरवायचो. डोळे मिटून रीबूट केलं.

लॉगिन होईपर्यंत अडॅप्टरचा दिवा लुकलुकायला लागला होता. वाय-फाय जोडलं गेलं. ६.२मध्ये तो ड्रायव्हर आधीपासूनच होता.

तरी मी सोर्सच्या फोल्डरात गेलो आणि 'मेक' म्हणालोच. एकही चांदणी आली नाही.