म्हणे ‘अंतर्गत बाब’!

काल रात्री साडेदहाला ग्रुपवर आमच्या जिल्हा क्रीडा संघटनेचं पत्र पडलं. वर नोंदणी क्रमांक ठळक अक्षरात, खाली अध्यक्ष, कार्याध्यक्ष, सचिव, खजिनदार अशी नावांची उतरंड, आणि मजकूर तीन ओळींचा. ‘खालील खेळाडूंनी मान्यता नसलेल्या संघटनेच्या स्पर्धेत भाग घेतल्याने त्यांना एक वर्ष निवड चाचणीस बसता येणार नाही.’ त्याखाली यादी. सगळ्या बारा-तेरा वर्षांच्या पोरी, त्यात माझी लेक. आडनावसुद्धा धड लिहिलेलं नाही. नोटीस नाही, विचारणा नाही, ‘तुमचं म्हणणं काय’ हा एक प्रश्न नाही. रात्री पत्र टाकलं आणि लगेच ग्रुप ‘ओन्ली अ‍ॅडमिन’ केला.

खेळ कोणता, जिल्हा कोणता ते लिहीत नाही. लिहिलं तर हे लोक पुढच्या वर्षीही लेकराला मैदानावर उभं राहू देणार नाहीत. मराठवाड्यातल्या पालकांना तसंही नावाची गरज नाही.

मान्यता नसलेली म्हणजे कोणती, तर यांच्याच जुन्या उपाध्यक्षांनी फुटून काढलेली. खरी जिल्हा संघटना आपलीच, असा दोघांचाही दावा. दोघांचेही चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची नोंद करायचे अर्ज, धर्मादाय कार्यालयात पडून आहेत. भांडण या बाप्यांचं आणि शिक्षा 14 वर्षांखालच्या पोरींना! त्या स्पर्धेला पोरी काय स्वतः एसटीने गेल्या होत्या? शाळेच्या सरांनी नेलं, शाळेच्या नावाने प्रवेशिका गेली. बंदी मात्र पोरींवर, कारण पोरी उलटून बोलत नाहीत.

माझ्या लेकीचं या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष आहे. सकाळी तिने बूट काढून कपाटावर ठेवले आणि शाळेत गेली.

सचिवांना फोन लावला. उत्तर असं : “सर, संघटना खाजगी हाय. कुणाला खेळवायचं ते आमची कार्यकारिणी ठरवती. पटत नसंल तर कोर्टात जावा.” मग क्रीडा कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी बसा म्हटलं, पाणी दिलं, पत्र वाचलं आणि परत माझ्या हातात ठेवलं. “त्यांची अंतर्गत बाब आहे सर. आपल्याला हात घालता येत नाही.” त्यांच्या डोक्यामागे त्याच संघटनेचं कॅलेंडर लटकलेलं होतं, अध्यक्षांच्या फोटोसकट.

हे ‘हात घालता येत नाही’ प्रकरण मी आता पुरतं वाचून काढलंय. राज्यघटनेच्या कलम 19(1)(ग) ने संघटना काढायचा हक्क दिलाय, तो हवाच. खेळ हा राज्यसूचीतला विषय असला तरी सरकारला उठून एखाद्या संस्थेत आपली माणसं घुसवता येत नाहीत. हिंदी साहित्य संमेलन या संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1971 साली नेमका असाच कायदा रद्द केला होता. मान्य, शंभर टक्के मान्य. उद्या कुठल्या मंत्र्याने संघटनांवर आपले कार्यकर्ते बसवायचं ठरवलं तर त्याच्याविरुद्धही मीच लिहीन.

पण तेवढंच सांगून गप्प बसायचं? क्रिकेट बोर्डाच्या खटल्यात 2005 साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं की बोर्ड म्हणजे सरकार नाही, पण ते सार्वजनिक स्वरूपाचं काम करतं, म्हणून कलम 226 खाली उच्च न्यायालयात दाद मागता येते. मग जिल्ह्याचा संघ निवडणारी, राज्य स्पर्धेला कोण जाणार ते ठरवणारी ही मंडळी काय घरचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम करतायत? सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. त्यासाठी जो कागद लागतो, त्याची वाट यांच्या सहीशिक्क्यातून जाते. ज्या दिवशी तुमच्या शिक्क्यावर सरकार नोकरी देतं, त्या दिवशी तुमचा खाजगीपणा तिथे संपला!

आणि सरकारचे हात बांधलेत, हेही खोटं आहे. जिल्हा क्रीडा संकुलाचं मैदान सरकारचं. अनुदान सरकारचं. शालेय स्पर्धा भरवतं सरकार आणि पंच मागवतं यांच्याकडून. एक अट घाला की बंदी घालण्याआधी खेळाडूचं म्हणणं ऐकलंच पाहिजे, नाहीतर मैदान नाही, अनुदान नाही, प्रमाणपत्राची पडताळणी नाही. यात कुठे घटना मोडते? संस्था तुमची, सभासद तुमचे, अध्यक्ष तुमचाच. सरकारी मदत हवी तर वागणूक सरळ ठेवा, एवढंच.

कोर्टात जा म्हणणं फार सोपं. खंडपीठ संभाजीनगरला. उदगीर-देगलूरकडच्या माणसाचे एका तारखेला दोन दिवस मोडतात, वकिलाची फी वेगळी, आणि निकाल लागेपर्यंत पोरगी 17 च्या गटातूनही बाहेर. 2025 साली दिल्लीत राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला, त्यात क्रीडा न्यायाधिकरण आहे. चांगलं आहे. पण चौदाच्या आतल्या पोरीला रविवारच्या चाचणीआधी न्याय कोण देणार, ते सांगा.

लिहायला बसलोच आहे तर बाकीचंही ऐका. चाचणी सकाळी सातला आणि निरोप आदल्या रात्री. ट्रॅकसूटचे पैसे आधी घेतले, ट्रॅकसूट आला स्पर्धा संपल्यावर. मुक्कामाला शाळेच्या वर्गात सतरंजी, पन्नास पोरींना एक संडास, आणि जेवणात डाळ शोधावी लागते. तिकडे उद्घाटनाला स्टेज, शाली, नारळ, फेटे, दोन तास सत्कार! लेकरं उन्हात रांगेत उभी आणि माइकवर ‘आपल्या लाडक्या नेत्यांचं’ आगमन. मला त्या फेट्यांची शिसारी आलीय. अध्यक्ष तर मी शाळेत होतो तेव्हापासून तेच आहेत. धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे ऑलिंपिकला धावला, की यांचे अभिनंदनाचे फलक चौकात सगळ्यात आधी. त्यांच्यासारखीच पोरं मैदानाच्या फाटकाबाहेर तुम्ही उभी केलीत, त्यांचा फलक कोण लावणार?

मी धर्मादाय कार्यालयात या संघटनेचा शेवटचा मंजूर चेंज रिपोर्ट आणि हिशेबपत्रकं यांच्या नकला मागतोय. संघटनेला अनुदान आणि मैदान कुठल्या अटींवर दिलं, हे क्रीडा कार्यालयाला माहितीच्या अधिकारात विचारतोय. बंदीविरुद्धचा अर्ज मात्र उद्याच द्यायचाय, कारण चाचणी रविवारी आहे. यादीतल्या पोरींच्या आईबापांनी उद्या सकाळी अकराला क्रीडा कार्यालयासमोर यावं. येताना शाळेच्या प्रवेशिकेची झेरॉक्स आणा, ज्यांच्याकडे नसेल त्यांनी आज रात्रीच सरांकडून मागून घ्या.