सोलेनॉइड उघडावं की फेकावं? निपाणीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार,

तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. जुन्या डिझेल फोर-व्हील जीपच्या सेल्फचं, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरचं, सोलेनॉइड (मोटरला बॅटरीचा करंट जोडणारा चुंबकी स्विच) उघडून, आतले जळलेले कॉन्टॅक्ट ठीक करून परत बसवायची रीत मी मागच्या लेखात दिली होती. तुमचं म्हणणं असं, की हा जुगाड आहे. नवं सोलेनॉइड बाजारात मिळतं, ते आणून बसवलं की विषय संपला. बहुतेक वेळा दोष बॅटरीचा असतो आणि लोक उगाच सेल्फ उतरवत बसतात. स्क्रू ड्रायव्हरने टर्मिनल जोडून सेल्फ मारायचं तर मी लिहायलाच नको होतं. शेवटी तुम्ही तुमच्या महिंद्रा एमएम ५४० जीपबद्दल लिहिलंत: दोन वेळा नवं सोलेनॉइड घातलं, तरी थंडीत सकाळी पहिल्या तीन-चार किल्ल्यांना नुसतं ‘टक’ वाजतं, मग कधीतरी इंजिन फिरतं आणि दुपारी काहीच त्रास नसतो.

हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. दोन नवी सोलेनॉइड जाऊनही दोष जागेवरच आहे, म्हणजे तो सोलेनॉइडमध्ये कधी नव्हताच. न मोजता भाग बदलणं हेच मला खटकतं, मग तो भाग नवा असो की दुरुस्त केलेला. माझा आग्रह आधी मोजण्याचा आहे, उघडण्याचा नंतर.

बॅटरीबद्दल तुमचं खरं आहे, सुरुवात तिथूनच करायची. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी गाडी उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. पण तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. मीटर बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर धरून दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगा. सेल्फ फिरत असताना आकडा साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी तपासून घ्या, सेल्फला हात लावू नका. आकडा चांगला राहिला तर मीटरची लाल तार बॅटरीच्या प्लसवर आणि काळी सोलेनॉइडच्या जाड बोल्टवर धरून पुन्हा किल्ली. इथे अर्धा व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर केबल किंवा तिची लग (टोकाची धातूची कडी) व्होल्ट खाते आहे. तसंच बॅटरीची मायनस खुंटी आणि इंजिनचा उघडा धातू यांच्यामध्ये धरा. आपल्याकडे गाड्या शेतातून आणि लाल चिखलातून फिरतात, आणि इंजिनपासून चॅसीकडे जाणारी अर्थची पट्टी खालच्या बाजूला असते, कुणाच्या नजरेला पडत नाही. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या पावसात दोन-तीन हंगाम काढलेल्या जीपची ही पट्टी एकदा हाताने वाकवून बघा. वरून अखंड दिसते, पण लगेजवळ आतल्या तारा हिरव्या पडून भुगा झालेल्या असतात.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं, तर आता सोलेनॉइडकडे या. त्यात दोन कॉईल असतात. एक जाड तारेची, दांड्याला आत ओढणारी. दुसरी बारीक तारेची, ओढलेल्या दांड्याला धरून ठेवणारी. किल्ली फिरवली की दोन्हींना करंट मिळतो, दांडा आत जातो, त्याच्या ओढीने फोर्क बेंडिक्सला, म्हणजे मोटरच्या छोट्या दातेरी चाकाला, इंजिनच्या फ्लायव्हीलच्या दातांत सरकवतो, आणि दांड्याच्या टोकाची तांब्याची चकती दोन जाड बोल्टांना जोडून मोटरला बॅटरीचा पूर्ण करंट देते. ओढणाऱ्या कॉईलचं दुसरं टोक मोटरच्या बोल्टवर असतं. चकती बसली की त्या कॉईलच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्ट येतो आणि तिच्यातला करंट आपोआप थांबतो. पुढचं काम धरून ठेवणारी कॉईल एकटी करते.

कॉन्टॅक्ट जळले असतील तर काय होतं बघा. दांडा आत जातो, ‘टक’ वाजतं, पण चकतीतून मोटरला करंट पोचत नाही. मग मोटरच्या बोल्टवर व्होल्ट येत नाही आणि ओढणारी कॉईल बंदच होत नाही. जी कॉईल क्षणभरासाठी बनवली आहे तिच्यातून, तुम्ही किल्ली दाबून धराल तितका वेळ, जड करंट वाहतो. चालकाला वाटतं जरा जोर लावला की फिरेल, तो किल्ली सोडत नाही. अशानेच वार्निशचा वास येतो आणि चांगली कॉईल जळते. म्हणून कॉन्टॅक्ट झिजल्याचं लवकर ओळखून ते ठीक करणं ही सोलेनॉइड वाचवण्याची गोष्ट आहे. त्याला जुगाड म्हणणं मला पटत नाही.

ओळखायचं कसं, तर एकाच मापाने. ‘टक’ वाजतं पण इंजिन फिरत नाही, नेमक्या त्या क्षणी मोटरच्या बोल्टवर, म्हणजे सोलेनॉइडमधून मोटरच्या आत जाणारी जाड पट्टी जिथे लागते तिथे, मीटर धरा. दुसरी तार इंजिनच्या धातूवर. बॅटरीच्या बोल्टवर बारा आणि इथे शून्याच्या आसपास, तर चकती आणि बोल्ट जळले आहेत, सोलेनॉइड उघडायचं. इथेही अकरा-बारा आले आणि तरी मोटर गप्प, तर सोलेनॉइडने आपलं काम केलं आहे, दोष मोटरच्या आत आहे. दोन्हीकडचा आकडा एकदम खाली बसला, तर बॅटरी किंवा केबल, नाहीतर मोटर आतून जाम.

उघडण्याबद्दल तुम्ही विचारलंत, की ‘कारखान्यात सील केलेली वस्तू फोडायची कशाला’. जुन्या सेल्फांची सोलेनॉइडं बहुतेक स्क्रूने बांधलेली असतात. बॅटरीची मायनस तार काढून सेल्फ उतरवा, टोपीचे स्क्रू सोडा, कॉईलची टोकं जिथे कथलाने जोडलेली आहेत तिथे सोल्डरिंगची इस्त्री टेकवून कथील वितळू द्या, आणि टोपी सरळ उचला. घाईने ओढली तर बारीक कॉईलचं टोक मुळाशी तुटतं आणि मग खरोखरच नवं आणावं लागतं. आत काळ्या तांब्याची पूड पडलेली दिसेल. बोल्टांच्या डोक्यावर चकती जिथे आदळते तिथे अर्धचंद्रासारखा खड्डा पडलेला असतो, उरलेली अर्धी बाजू मात्र कोरी, जवळजवळ नव्यासारखी. बोल्ट अर्धा फेरा फिरवून बसवला की ती कोरी बाजू चकतीसमोर येते. चकतीचंही तसंच, पालथी केली की दुसरी बाजू मिळते. कानस हलकी मारा, दोन्ही बोल्ट एका पातळीत ठेवा. एक उंच आणि एक खाली राहिला तर चकती तिरकी बसते, ठिणगी एकाच जागी पडते आणि काही दिवसांत ती जागा वितळून चिकटते.

चिकटलेल्या चकतीला मी सगळ्यात जास्त घाबरतो. किल्ली सोडली तरी सेल्फ फिरतच राहतो, इंजिन लागलं तरी थांबत नाही, आणि मोटर जळायला फार वेळ लागत नाही. अशा वेळी बॅटरीची तार काढण्याशिवाय इलाज नसतो. म्हणून खड्डे खोल असतील, चकती वाकली असेल, तर ती परत वापरू नका. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवाल्यांकडे शुद्ध तांब्याची चकती करून घेता येते, जुनी नमुन्याला द्या.

दांड्याला ग्रीस लावू नका. क्लचची धूळ त्यात बसून पुढच्या पावसाळ्यात दांडा अडकतो. कोरडा पुसायचा, बस. आणि परत बसवताना नट आवळायच्या वेळी बोल्ट दुसऱ्या पान्याने धरून ठेवा. नटाबरोबर बोल्ट फिरला तर आतला कथलाचा जोड तुटलाच म्हणून समजा.

बसवण्याआधी बाकावर तपासा. किल्लीच्या छोट्या टर्मिनलला प्लस, मोटरच्या बोल्टला आणि बॉडीला मायनस: दांडा जोरात आत गेला पाहिजे. लगेच मोटरच्या बोल्टची तार काढा: दांडा आतच राहिला पाहिजे. राहिला नाही तर धरून ठेवणारी कॉईल गेली आहे. असं सोलेनॉइड गाडीवर ‘टक-टक-टक-टक’ करत राहतं, आणि तिथे कॉन्टॅक्ट घासून काही होत नाही. सगळं मिळून चार-पाच सेकंदांत उरका, कॉईल तापतात. कॉईल गेलेलं सोलेनॉइड बदलायचंच, इथे आपलं दोघांचं एकच मत आहे. फक्त नवं घेताना खिशात चुंबक ठेवा आणि बोल्टांना लावून बघा. काही स्वस्त मालात लोखंडावर तांब्याचा मुलामा असतो. तांबं चुंबकाला चिकटत नाही.

आता स्क्रू ड्रायव्हर. तुमची काळजी योग्य आहे आणि मी ती हलक्यात घेत नाही. पण आपल्या भागात प्रत्येक वडापवाला (शेअर जीपचा चालक) हे करतो, कुणाचं वाचून करत नाही. कुठले दोन टर्मिनल जोडायचे हे त्यांना नीट माहीत असावं, म्हणून लिहिलं. पान्याने दोन जाड बोल्ट जोडले की मोटर नुसती घुर्रर्र फिरते, बेंडिक्स बाहेर येत नाही, इंजिन हलत नाही, आणि लोक म्हणतात ‘बेंडिक्स गेलं’. चांगलं बेंडिक्स असं फुकट बदललं जातं. तपासायचं तर बॅटरीचा जाड बोल्ट आणि किल्लीचं छोटं टर्मिनल जोडायचं. इंजिन फिरलं तर सोलेनॉइड आणि मोटर ठीक, दोष किल्लीच्या स्विचमध्ये किंवा त्या तारेत. आणि धोका खरा कुठे आहे तेही सांगतो: तार ओढून बंद करायच्या जुन्या डिझेलला लागण्यासाठी किल्लीची गरज नसते. गाडी गिअरमध्ये असेल तर ती लागूनच पुढे उडी घेते, आणि तुम्ही तिच्या चाकाजवळ वाकलेले असता. न्यूट्रल स्वतः हाताने हलवून बघायचं, हँडब्रेक, चाकाला दगड, हातातली अंगठी आणि घड्याळ काढलेलं. हे नसेल तर करू नका.

नवं सोलेनॉइड ‘बाजारात मिळतं’ हे निपाणीत बसून खरं आहे. हायवेवर आहात, कोल्हापूर जवळ, बेळगावही फार लांब नाही. चोर्ल्याच्या वाटेवरच्या गावात भर आषाढात गाडी बंद पडली तर तिथे नवा भाग दुसऱ्या दिवशी मिळतो, आणि तोही सेल्फचा मेक जुळला तर. जुन्या जीपांना मधल्या काळात कुणी कुठला सेल्फ बसवलाय याचा भरवसा नसतो. मागचा लेख मी त्या लोकांसाठी लिहिला होता.

तुमच्या गाडीबद्दल मला वाटतं ते असं. थंडीत तेल घट्ट, अशा डिझेलचं कॉम्प्रेशन मुळातच जास्त, त्यामुळे सकाळच्या पहिल्या फेऱ्याला मोटर सगळ्यात जास्त करंट मागते. तीन-चार किल्ल्यांनंतर लागते म्हणजे कुठेतरी जोड अर्धवट आहे. माझा पहिला संशय कार्बन ब्रशवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणाऱ्या कार्बनच्या ठोकळ्यांवर. ब्रश आखूड झाले की स्प्रिंगचा दाब कमी पडतो, दोन-चार झटक्यांनी ते सरकून बसतात आणि मग मोटर फिरते. ब्रश पूर्ण संपले तर ‘टक’ सुद्धा मंद होतं, कारण ओढणाऱ्या कॉईलचा अर्थ मोटरच्या ब्रशमधूनच जातो. तेव्हा आवाज दिवसेंदिवस बारीक होतोय का तेही ऐका. दुसरा संशय अर्थच्या पट्टीवर.

उद्या सकाळी पहिल्या किल्लीलाच, इंजिन गार असताना, तीन मापं घ्या: बॅटरीच्या खुंट्यांवर, मोटरच्या बोल्टवर, आणि बॅटरी मायनस ते इंजिन. दर वेळी किल्ली दोन सेकंदच धरायला सांगा. मोटरच्या बोल्टवर अकराच्या वर आले तर सेल्फ उतरवून मागचं झाकण काढा आणि ब्रश नव्या जोडीशेजारी ठेवून लांबी बघा, ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा कॉम्युटेटर काळा पडलाय का तेही. तिसरं सोलेनॉइड आणू नका. आकडे इथेच खाली लिहा, मी वाट बघतो.