पुस्तक उघडा, मग फ्रीज उघडा

सगळ्यात आधी एक गैरसमज डोक्यातून काढून टाका, की पाककृतींची पुस्तकं स्वयंपाक करायला असतात. नसतात. ती रात्री झोपताना वाचायला असतात, शक्यतो अर्धपोटी, म्हणजे प्रत्येक फोटोला व्यवस्थित तोंडाला पाणी सुटतं. माझ्याकडे अशी 31 पुस्तकं आहेत आणि त्यातली 30 इतकी कोरी करकरीत आहेत की उद्या दुकानात परत नेली तरी घेतील. एकतिसाव्याच्या एका पानावर तेलाचा मोठा गोल डाग आहे, पण तोही मी त्यावर गरम पातेलं टेकवलं होतं म्हणून, ओट्यावर जागा नव्हती. पुस्तकाचा स्वयंपाकात झालेला हा माझ्याकडचा एकमेव उपयोग.

नवीन घेणार असाल तर जाड घ्या. मुखपृष्ठावरच्या माणसाने पांढरे कपडे घातलेले असावेत, त्यावर एकही शिंतोडा नसावा आणि मागच्या ओट्यावर एक लिंबू सोडून काहीच पडलेलं नसावं, म्हणजे लगेच कळतं की हे पुस्तक तुमच्यासाठी नाही. तेच घ्या. 'झटपट', 'रोजचं', 'सोपं' असलं काही लिहिलेलं मात्र टाळा, कारण एखाद्या बेसावध क्षणी खरंच करून बघावंसं वाटतं आणि मग माझ्यासारखं होतं, 19 जिन्नसांची यादी घेऊन बाजारात जायचं, 11 मिळवायचे, उरलेल्या 8 चं 'चालतंय की' करायचं, आणि ज्या एका सॉसमुळे म्हणे पदार्थाला खरी चव येते त्याची बाटली अर्धा चमचा वापरून फ्रीजच्या दारात ठेवायची. ती अजून तिथेच आहे. मध्ये आमचा फ्रीज बदलला, बाटली तीच.

वेळेच्या बाबतीत पुस्तकावर आंधळा विश्वास ठेवा. 'पूर्वतयारी 10 मिनिटं' असं लिहिलेलं असतं आणि खाली यादीत 'दोन कांदे, बारीक चिरलेले', 'लसूण, सोललेला', जणू शेतातच चिरून सोलून उगवतात. तुम्ही डोळे पुसत पुसत दुसऱ्या कांद्यापर्यंत पोचता तेव्हा 10 मिनिटं कधीच संपलेली असतात. आणि मग येतं ते अजरामर वाक्य, कांदा गडद तपकिरी आणि गोडसर होईपर्यंत परता, 5 मिनिटं. आता कांद्यात 90 टक्क्यांच्या आसपास नुसतं पाणी, ते उडेपर्यंत भांड्यातला कांदा 100 अंशांच्या फार पुढे सरकत नाही, आणि भाजल्याचा रंग नि वास नीट यायला साधारण 140 अंश तरी लागतात. या रंगामागची रासायनिक प्रक्रिया लुई कामिय मायार नावाच्या फ्रेंच माणसाने 1912 सालीच सांगून ठेवली, पण पुस्तकवाल्यांपर्यंत निरोप पोचलेला दिसत नाही. मंद आचेवर तसा कांदा व्हायला 40 मिनिटं सहज जातात. तुम्ही तेवढं थांबू नका. गॅस मोठा करा, कडेने काळा आणि मधे कच्चा असा कांदा झाला की 'स्मोकी फ्लेवर आहे' म्हणून सांगा, लोक मान डोलावतात.

प्रमाणाचं म्हणाल तर 'एक कप' असं दिसलं की कुठलाही कप घ्या. मेट्रिक कप 250 मिलीचा, अमेरिकन 237 च्या आसपास, जपानी 200 चा, शिवाय ऑस्ट्रेलियातला टेबलस्पून 20 मिलीचा आणि इतर बहुतेक ठिकाणी 15 चा. एवढा गोंधळ जगाने घालून ठेवलाय तर तुमच्या कान तुटलेल्या चहाच्या कपाने काय घोडं मारलंय? अमेरिकेत बोस्टनच्या फॅनी फार्मर बाईंनी 1896 मध्ये आपल्या पाककृतींच्या पुस्तकात हट्टच धरला की चमचा भरायचा तर सुरीने सपाट करूनच. त्याआधी 'अक्रोडाएवढं लोणी' असं लिहिलं तरी भागत होतं. मला विचाराल तर अक्रोडवालेच बरे, निदान भांडायला जागा ठेवायचे.

'चवीनुसार मीठ' याला तर अजिबात नावं ठेवू नका, ती फार जुनी परंपरा आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात बॅबिलोनियातल्या, म्हणजे प्राचीन इराकमधल्या, पाककृती कोरलेल्या मातीच्या पाट्या आहेत, सुमारे 3700 वर्षांपूर्वीच्या, त्यातल्या एकीवर बहुतेक सगळे रस्सेच आहेत. पाणी घ्या, चरबी घाला, कांदा, लसूण, आणि किती घालायचं, किती वेळ शिजवायचं याचा जवळपास पत्ताच नाही. ज्याला येतं त्याच्यासाठी लिहिलंय, ज्याला येत नाही त्याने पाटी डोक्यात मारून घ्यावी. उलट आकडे दिले म्हणजे सगळं सुटतं असंही नाही हां. इंग्लंडच्या इझाबेला बीटन बाईंचं 1861 चं पुस्तक घ्या, बाई तेव्हा 25 वर्षांच्या, पाककृती बऱ्याचशा इकडून तिकडून उचललेल्या, पण वेळ अगदी नेमकी दिलेली. मोठी गाजरं उकडायला पावणेदोन ते सव्वादोन तास. इतक्या वेळात गाजर काय, पातेलंही मऊ पडेल.

पुस्तकाने भागलं नाही तर शेवटचा उपाय, आईची वही. आमच्या आईच्या वहीत एका पानावर फक्त चार जिन्नस लिहिलेत आणि खाली 'नेहमीसारखं करावं'. बस. मी फोन केला.

'आई, किती वेळ ठेवायचं?'

'होईपर्यंत.'

'झालं कसं कळणार?'

'अरे, वास येतो ना.'

'कसला वास?'

'झाल्याचा.'

मग जरा थांबून, 'तुझं करपलं असेल आत्तापर्यंत, जा बघ आधी.' करपलंच होतं. फोनवरून तिला कसं कळलं हे कुठल्याही पुस्तकात नाही, आणि वहीतही नाही.

आता खाण्याविषयी थोडं, कारण शेवटी ते आपण रोज करतो, वाचनासारखं अधूनमधून नाही. उभ्याने खाल्लेलं मोजायचं नाही. चव बघताना खाल्लेलं तर मुळीच नाही, मग ती चव आठ वेळा का बघितलेली असेना. पातेल्यात दोन घास उरले असतील तर ते भूक म्हणून नाही, भांडं घासायला मोकळं व्हावं म्हणून खायचे, म्हणजे ते घरकामात धरलं जातं. मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे एक सपाट चहाचा चमचाही नाही, सगळ्या जेवणांचं मिळून आणि पाकिटातलं धरून. पण पाकिटावरचा मिठाचा आकडा बहुधा 100 ग्रॅमचा किंवा एका सर्व्हिंगचा असतो, आणि एक सर्व्हिंग म्हणजे ज्या ठिकाणी आपला हात नुकता गरम व्हायला लागलेला असतो तिथे पाकीटवाले थांबलेले असतात. हा आकडा वाचायचा असेल तर पाकीट संपल्यावर वाचा, तोपर्यंत तळाच्या घडीत गेलेलाही असतो.

आणि जेवताना स्क्रीनवर दुसरं कोणीतरी स्वयंपाक करत असलंच पाहिजे. समोर तो माणूस 12 तास मुरवलेलं काहीतरी हळूच कापतोय, आतून वाफ निघतेय, आणि आपण ते बघत बिस्किटं खातोय, एकामागून एक.

काल रात्री साडेअकराला मी फ्रीजचं दार उघडं धरून उभा होतो. एका हातात परवाच्या भाताचा डबा, काखेत नवीन पुस्तक, तेच, लिंबूवाल्या माणसाचं, पान 212, अंगठ्याने दाबून धरलेलं. मंद आचेवर भाजलेल्या भाज्यांचा फोटो होता, कडा अगदी हव्या तेवढ्याच काळ्या. भात गार, एका बाजूने गठ्ठा झालेला, चमचा शोधायचा कंटाळा म्हणून हातानेच. फ्रीज टीं टीं करून ओरडायला लागला, दार लावा म्हणून. लावलं तर अंधारात फोटो दिसेना, म्हणून परत उघडलं.