लाटण्याचे नियम वाडग्याला लावू नका

आमच्या नानाकाकांनी निवृत्तीनंतर लेथ घेतला, म्हणजे लाकूड गरागरा फिरवून कातायचं यंत्र. छोटा, टेबलावर मावणारा, दहा इंची वाडगा आरामात फिरवणारा. मला आनंदच झाला. पण परवा त्यांनी लेथचा फोटो पाठवला, त्यात मागच्या भिंतीवर एक छापील कागद चिकटवलेला दिसला: ‘नवा लेथ घेतलात? लाकडी वाडगे करायचे सहा सोपे नियम’. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय तोच, खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही. मला चौघांकडून आला होता, तेव्हा हसून सोडून दिला. आता तो काकांच्या भिंतीवर आहे. शिवाय फोटोत काकांच्या हातात जाड हातमोजे आहेत.

हे ज्याने लिहिलं त्याने आयुष्यात लाटणी कातली असावीत, पलंगाचे पाय कातले असावेत, वाडगा नाही. लाटण्यात लाकडाचे तंतू लेथच्या लांबीला धरून असतात, त्यामुळे फिरताना अवजाराला सगळीकडून सारखंच लाकूड लागतं. वाडग्याच्या ठोकळ्यात तंतू आडवे. एका फेऱ्यात अवजारासमोर दोनदा तंतूंची कड येते आणि दोनदा त्यांची कापलेली टोकं. मऊ, कडक, मऊ, कडक, मिनिटाला शेकडो वेळा. एवढा एक फरक सुटला की लाटण्याला बरोबर असलेला सल्ला वाडग्याला घातक होतो.

सगळ्यात वाईट नियम तिसरा आहे, त्याच्यापासूनच सुरुवात करते. ‘सेटमधलं सगळ्यात रुंद अवजार म्हणजे रफिंग गॉज. वाडग्याचं ओबडधोबड काम त्याने झटपट उरकतं.’ गॉज म्हणजे पन्हळीसारख्या पात्याचं कातायचं हत्यार. अहो, त्या अवजाराचं पूर्ण नाव स्पिंडल रफिंग गॉज. स्पिंडल म्हणजे लाटण्यासारखं लांबट काम. नेमका तोच शब्द या महाशयांनी गाळलाय. काका, तुमच्या अवजारांच्या सेटमधलं हे गॉज हातात घ्या आणि पातं मुठीत शिरतं तिथे बघा. वर चांगलं दीड इंच रुंद पन्हळ, आणि मुठीत जाते ती चपटी, अरुंद पट्टी. लाटण्यावर त्या पट्टीवर फारसा ताण येत नाही. वाडग्यावर मात्र रुंद पात्याचा एखादा कोपरा तंतूंच्या त्या टोकांत रुतला, की मोटरचा सगळा जोर त्या पट्टीवर येतो आणि पातं मुठीपाशी मोडतं. मोडलेलं पातं कुठे जाईल ते तुमच्या हातात राहत नाही. बोल गॉज, म्हणजे खास वाडग्यासाठीचं गॉज, गोल सळईतून खाच पाडून केलेलं असतं, मुठीत शिरतानाही ते भरीवच राहतं. किंमत जास्त आहे, मान्य. पण सेटमधली बाकीची चार अवजारं नसली तरी चालेल, हे एक हवंच.

‘वेग जितका जास्त तितकी सफाई जास्त, सरळ 2000 वर ठेवा.’ दोन इंची लाटण्याला 2000 फेरे ठीक. दहा इंची वाडग्याच्या काठाचा हिशोब करा: मिनिटाला 2000 फेऱ्यांना तो काठ ताशी जवळजवळ 96 किलोमीटरने पळतो. तोही अजून गोल न झालेला, एका बाजूला जड असलेला ठोकळा! कातारी लोकांचा साधा आडाखा असा: व्यास इंचात घ्या, फेऱ्यांनी गुणा, उत्तर 6000 ते 9000 च्या दरम्यान राहू द्या. म्हणजे दहा इंचाला 600 ते 900, आणि ठोकळा ओबडधोबड असेल तर त्याहूनही कमी. पहिल्या वर्षी मी आधीच्या कामाचा वेग न बघता बटण दाबलं होतं. शिरीषाचा ठोकळा फेसप्लेट, म्हणजे तो ज्या चकतीवर स्क्रूने बसवतात ती, सोडून शटरवर जाऊन आदळला. शटरला पडलेला पोचा अजून आहे. मी बाजूला उभी होते, एवढंच नशीब.

आता हातमोजे. ‘हाताला इजा होऊ नये म्हणून जाड हातमोजे घाला.’ अमेरिकेत 1986 पासून ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स’ ही कातकाम करणाऱ्यांची मोठी संस्था आहे. तिच्या सुरक्षा नियमांत स्पष्ट आहे: हातमोजे घालू नका, केस बांधा, सैल कपडे आणि दागिने नकोत, चेहऱ्यावर पूर्ण फेसशिल्ड हवी, सुरू करण्याआधी वेग तपासा. कागदावरच्या सहा नियमांत फेसशिल्डचं नाव नाही आणि हातमोजे आहेत! कुसळ बोटात गेलं तर बोट दुखतं. हातमोज्याचा धागा चकात (लाकूड पकडून फिरवणाऱ्या जबड्यात) गेला तर मागोमाग हात जातो, मोटरला काही कळत नाही. ओल्या लाकडाचा भुसा डाव्या हातावर भसाभस येतो आणि चटके बसतात, हे खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे हात टूल रेस्टवर, म्हणजे अवजार टेकवायच्या आडव्या दांडीवर, जरा मागे घ्यायचा. ओंडके उचलताना हातमोजे खुशाल घाला. आणि पॉलिश करताना बोटांना फडकं गुंडाळू नका, कागदी रुमाल वापरा. तो अडकला तर निदान फाटतो.

बाकीचं पटकन. ‘लाकूड दोन वर्षं वाळलेलंच हवं.’ लाटण्याला हो. वाडग्याएवढा जाड ठोकळा तसाच ठेवला तर वाळताना बहुतेक वेळा तडकतो. म्हणून ओलाच कातायचा, मधला गाभा काढून टाकायचा आणि काठ व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा जाड ठेवायचा, दहा इंचाला एक इंच. मग कागदी पिशवीत काही महिने. तो लंबगोल होईल, होऊ दे. जाडी त्यासाठीच ठेवलेली असते, पुन्हा चढवून गोल करायचा. आंब्याचं ओलं लाकूड तर लोण्यासारखं कापलं जातं.

‘भुसा नैसर्गिक असतो, मास्कची गरज नाही.’ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 सालीच लाकडाच्या धुळीला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलंय. पॉलिश पेपर मारताना मास्क लावा, विषय संपला.

‘शेवटी खोबरेल तेल चोळा.’ हे, नाइलाजाने म्हणते, फार चुकीचं नाही. ते वाळून थर धरत नाही, पण सुकामेवा ठेवायच्या वाडग्याला चालेल. जवसाचं तेल वापरलंत तर मात्र चिंध्यांचा बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतो. बाहेर पसरून वाळवा.

काका, कागद काढा. रविवारी येताना माझं बोल गॉज आणि जास्तीची फेसशिल्ड घेऊन येते. तोवर सेटमधल्या त्या रुंद अवजाराने लाटणं करा, काकूला हवंच आहे. फक्त हातमोजे काढून.