बोनिफासियोचा बळी ‘शिकलेल्या श्रीमंतांनी’ घेतला नाही

फिलिपिन्सच्या स्पेनविरुद्धच्या क्रांतीबद्दल एक गोष्ट मोठ्या आवडीने फॉरवर्ड होते. ती अशी: आंद्रेस बोनिफासियो नावाच्या अडाणी मजुराने गरिबांची क्रांती उभी केली. कावीते प्रांतातल्या शिकलेल्या श्रीमंतांच्या ‘माग्दालो’ गटाने तेहेरोसच्या बैठकीत मतदानाचं नाटक करून ती बळकावली. त्यांचा पुढारी एमिलिओ अगिनाल्डो याने बोनिफासियोला गोळ्या घालायला लावल्या आणि वर पैसे घेऊन क्रांती स्पेनला विकली. यात हुतात्मा आहे, खलनायक आहे, म्हणून ती खपते. बोनिफासियोला मारलं, तेही त्याच्याच बाजूच्या माणसांनी, हे खरंच आहे. पण त्यामागचं जे कारण ही गोष्ट सांगते, ते टिकत नाही.

आधी अडाणीपणा. बोनिफासियो मनिलाच्या तोंडो भागातला. आईबाप लवकर गेले, काठ्या आणि कागदी पंखे विकून त्याने भावंडांना सांभाळलं. पण पुढे तो परदेशी व्यापारी कंपन्यांत नोकरीला होता, तागालोग भाषेतल्या नाटकांत कामं करायचा, फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहास आणि स्पेनच्या राजवटीवर टीका करणारा लेखक होसे रिझाल याच्या कादंबऱ्या त्याच्या वाचनात होत्या. रिझालच्या शेवटच्या कवितेचा तागालोग अनुवादही त्याच्या नावावर आहे. त्याचं शिक्षण काढणं हे त्याच्या विरोधकांचं हत्यार होतं. आज त्याचे चाहतेच ते कौतुकाने मिरवतात, याची गंमत वाटते.

आता ‘गरीब विरुद्ध श्रीमंत’. बोनिफासियोच्या कातिपुनान या गुप्त संघटनेच्या कावीतेत दोन शाखा होत्या. माग्दालो कावित गावची. तिचा प्रमुख बाल्दोमेरो अगिनाल्डो, एमिलिओचा चुलतभाऊ. एमिलिओ स्वतः कावितचा नगरप्रमुख. त्याचं कॉलेज अर्ध्यावर सुटलेलं, त्यामुळे युरोपात शिकून आलेल्या विद्वानांत त्याची गणना कुणी करत नसे. दुसरी शाखा माग्दिवांग, बोनिफासियोच्या बाजूची. तिचा प्रमुख मारियानो आल्वारेझ हा शाळामास्तर आणि नोवेलेता गावचा नगरप्रमुख. म्हणजे दोन्हीकडे गावचे कारभारीच. आल्वारेझ बोनिफासियोची बायको ग्रेगोरिया दे हेसुस हिचा काका होता. एकीकडे चुलतभाऊ, दुसरीकडे चुलतसासरा. भावकीचं राजकारण पाहत वाढलेल्या मराठी वाचकाला याहून जास्त समजवायला नको.

क्रांतीचं सरकार निवडायला तेहेरोसची बैठक झाली 22 मार्च 1897 रोजी, आणि गोष्टीचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. बैठक माग्दिवांगच्या हद्दीत भरली. अध्यक्षस्थानी आधी माग्दिवांगचा हासिंतो लुंब्रेरास होता, नंतर खुद्द बोनिफासियो. अगिनाल्डो तिथे नव्हताच. तो पासोंग सांतोलच्या आघाडीवर लढत होता, आणि त्याचा थोरला भाऊ क्रिस्पुलो त्याच लढाईत पडला. निकाल पाहा: राष्ट्राध्यक्ष अगिनाल्डो, उपाध्यक्ष मारियानो त्रियास, सरसेनापती आर्तेमिओ रिकार्ते, युद्धखात्याचा प्रमुख एमिलियानो रिएगो दे दिओस. यातला अगिनाल्डो सोडला तर बाकीचे तिघेही माग्दिवांगचे! बोनिफासियोच्या वाट्याला आलं गृहखातं.

मतपत्रिका आधीच भरलेल्या होत्या, असा इशारा दिएगो मोहिकाने बोनिफासियोला दिल्याचं मारियानोचा मुलगा सांतियागो आल्वारेझ आपल्या आठवणींत सांगतो. ते नाकारायचं कारण मला दिसत नाही. पण सगळी लबाडी धरली तरी माग्दालोने आपल्या तीन खुर्च्या माग्दिवांगला का दिल्या असत्या, याला उत्तर नाही. सरळ दिसतं ते एवढंच की स्वतःच्या गोटातली मतंही बोनिफासियोकडून निसटली होती. फेब्रुवारीत कावीतेतलं सिलांग गाव स्पॅनिश सैन्याने परत घेतलं होतं, पुढची गावं जात होती. त्याआधी नोव्हेंबर 1896 मध्ये बिनाकायान आणि दालाहिकान इथे जिंकले होते ते कावीतेचे लोक. बोनिफासियोचा सान हुआन देल मोंतेवरचा हल्ला फसला होता, आणि तो पडला मनिलाचा. कावीतेला कावीतेचा सेनापती हवा होता.

वर्गाचा तिरस्कार तिथे अजिबात नव्हता असं मात्र मी म्हणणार नाही. गृहखात्याला वकील हवा, असं म्हणत दानिएल तिरोनाने होसे देल रोसारियो या वकिलाचं नाव पुढे केलं. बोनिफासियोने पिस्तूल काढलं, रिकार्तेने त्याचा हात धरला, आणि अध्यक्ष या नात्याने बोनिफासियोने सगळी निवडणूक रद्द जाहीर केली. तो अपमान हेतुपुरस्सर होता. पण निवडणूक तो त्याआधीच हरला होता.

मग नवं सरकार न मानणाऱ्या बोनिफासियोला अटक आणि राजद्रोहाचा खटला. युद्धमंडळ अगिनाल्डोच्या माणसांचं, वकिलाने बचाव केला म्हणायचं तर फक्त दयेची याचना केली, शिक्षा मृत्यूची. अगिनाल्डोने आधी ती बदलून हद्दपारी केली, नंतर मारियानो नोरिएल आणि पियो देल पिलार यांच्या आग्रहावरून तो हुकूम मागे घेतला. 10 मे 1897 ला मारागोंदोनच्या डोंगरात बोनिफासियो आणि त्याचा भाऊ प्रोकोपियो यांना मारण्यात आलं. हा डाग अगिनाल्डोचाच, त्यात पळवाट नाही. पण आग्रह धरणारे ते दोघे काही आठवड्यांपूर्वी, तेहेरोसचा निकाल झुगारणाऱ्या नाईक गावच्या बैठकीत, बोनिफासियोच्या बाजूला बसले होते. पक्ष बदललेल्यांना जुना पुढारी जिवंत नको असतो.

‘क्रांती विकली’ हे थोडक्यात. स्पेनशी झालेल्या डिसेंबर 1897 च्या बियाक-ना-बातो करारात देश सोडण्याच्या बदल्यात बंडखोरांना 8,00,000 पेसो टप्प्याटप्प्याने मिळायचे होते, अगिनाल्डोच्या हाती 4,00,000 आले. अगिनाल्डोने ते हाँगकाँगच्या बँकांत ठेवले, वाटून घ्यायला नकार दिला, त्यावरून सहकाऱ्याशी कोर्टकचेरी झाली. त्या पैशातून हत्यारं घेतली गेली. 19 मे 1898 ला तो परतला आणि 12 जूनला कावितमध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं.

वर्गाच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांना अंतोनियो लुना तर कुठे बसवावा हेच कळत नाही. युरोपात शिकलेला, औषधशास्त्रातला डॉक्टर, स्पेननंतर अमेरिकेविरुद्ध झालेल्या युद्धातला सगळ्यात कडक सेनापती, म्हणजे ‘शिकलेल्या श्रीमंतां’चा नमुनाच. हुकूम न मानणाऱ्या कावितच्या तुकडीची हत्यारं त्याने काढून घेतली होती. 5 जून 1899 ला काबानातुआनमध्ये त्याच तुकडीच्या सैनिकांनी त्याला मारलं, आणि कोणालाही शिक्षा झाली नाही.