नुसती यादी पाठ करून का भागत नाही

नमस्कार. 'इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करू नका, हे सांगणं इंग्रजी माध्यमवाल्यांना सोपं आहे. एसएससीला (स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या नोकरभरती परीक्षेत) समानार्थी-विरुद्धार्थी थेट विचारतात, तिथे यादीच तारते,' असं माझ्या सल्ल्यावर तुम्ही लिहिलंत. मराठी शाळेतल्या मुलाच्या कानावर घरी इंग्रजी पडत नाही, हे अगदी खरं. पण त्याच्याकडे वेळही कमी असतो, आणि नुसती यादी नेमका तोच खाते.

'मिटिगेट' घ्या. यादीत त्यापुढे 'कमी करणे' एवढंच असतं. क्लोज टेस्टमध्ये, म्हणजे उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरताना, 'प्राइस'च्या आधी 'रिड्यूस' आणि 'मिटिगेट' असे दोन्ही पर्याय आले की यादीवाला अडकतो, कारण त्याच्या लेखी दोन्ही एकच. ज्याने वहीत 'मिटिगेट द रिस्क', 'मिटिगेट द इम्पॅक्ट' असं लिहून ठेवलंय, त्याला कळतं की हा शब्द धोका, नुकसान, दुष्परिणाम यांच्याबरोबर येतो, किमतीबरोबर नाही. म्हणून मी म्हणतो, अर्थाशेजारी एक पूर्ण वाक्य लिहाच.

अशी वाक्यं वाचनातून मिळतात, पण इंग्रजी वर्तमानपत्र परवडत नाही, असंही तुम्ही म्हणता. पीआयबीच्या (केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या) साइटवर सरकारी निवेदनं फुकट वाचता येतात आणि त्यांतली बरीच मराठीतही असतात. आधी मराठी वाचा, मग तेच इंग्रजीत. मजकूर माहीत असल्याने नवा शब्द डिक्शनरीआधीच निम्मा उलगडतो. माझ्या मते मराठी माध्यमातल्या मुलांसाठी याहून चांगला सराव नाही.

पाठांतराला माझा विरोध नाहीच. सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये मांडलेली खोक्याची पद्धत वापरा. शब्दाचं कार्ड करायचं, आठवलं तर पुढच्या कप्प्यात, चुकलं तर पुन्हा पहिल्यात. पुढचे कप्पे जास्त दिवसांच्या अंतराने उघडायचे. येणारे शब्द रोज घोकण्यात वेळ जात नाही.

आणि हजारो शब्दांची धास्ती घेऊ नका. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्टमध्ये 570 शब्दकुळं (मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं) आहेत, आणि अभ्यासाच्या इंग्रजी मजकुरातले साधारण 10 टक्के शब्द त्यांतलेच असतात. हीसुद्धा यादीच आहे, पण निवडून केलेली. सुरुवात इथून करा.

वन वर्ड सबस्टिट्यूशनबाबत (शब्दसमूहाबद्दल एक शब्द) मात्र तुमचं बरोबर आहे. ते शब्द वाचनात क्वचितच भेटतात, त्यामुळे ते सरळ पाठच करा.